शेजारच्या मॉरिसचे पट्टे

नेव्हिल थॉर्नली यांना रोलंड विंटरबर्नचा हेवा वाटत नव्हता. हे खुद्द नेव्हिलनीच सगळ्यांना सांगितलं होतं. पोस्टात सांगितलं, पबात सांगितलं, आणि पाद्रीबाईंना चर्चच्या दारात गाठून सांगितलं. त्या बिचाऱ्या नुसतं ‘कसे आहात’ एवढंच म्हणाल्या होत्या. प्रश्न हेव्याचा नव्हताच, तत्त्वाचा होता. सत्तावन्न सालची गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली, त्याच रूपात ती राहिली पाहिजे, हे ते तत्त्व. कारखान्याने सीटला पट्टे दिले नसतील तर गाडीला पट्टे नसावेत. त्या काळी लोक पट्ट्यांशिवाय फिरत, आणि वळण आलं की दार घट्ट धरून बसत.

नेव्हिलची मॉरिस मायनर उघड्या टपाची आणि फिकट हिरवी होती. कुंपणापलीकडच्या रोलंडची मॉरिस मायनरही उघड्या टपाची, त्याच सालची, फक्त गर्द लाल. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतल्या माणसांनी सुखासमाधानानं राहावं असं नशिबाला वाटत असतं, तर त्याने दोघांना एकाच गाडीचा नाद लावला नसता. पण इतकी वर्षं निभावलं होतं. रविवारी सकाळी दोघं आपापल्या गाड्या पुसत, आणि पुसता पुसता दुसऱ्याची किती चकाकतेय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत.

मग त्या वसंतात रोलंडनी पट्टे बसवले.

बसवले ते बसवले, पण असे बसवले की गाडीबरोबरच जन्माला आल्यासारखे दिसावेत. करडे, किंचित विटलेले, क्रोमच्या जाडजूड बकलाचे. गावात येणारे हौशी लोक वाकून वाकून बघत आणि ‘अस्सल दिसतात हो’ म्हणत. नेव्हिलनी तेही सोसलं असतं. पण तीन वर्षांखालच्या पोराला पट्टे नसलेल्या गाडीत बसवता येत नाही, असा कायदा आहे, आणि त्यांची नात टिली तिसऱ्या वाढदिवसाला अजून पोचली नव्हती. रोलंडनी एका रविवारी तिला तिच्या छोट्या खुर्चीत बसवलं, वरून पट्टा लावला आणि गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत फिरवून आणलं. परत आल्यावर टिलीने लाल गाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “ती माझी गाडी.” मग हिरवीकडे बोट दाखवलं. “ती दुसरी.”

ग्रँडॅडच्या गाडीला ‘दुसरी’ म्हटलेलं ऐकल्यावर त्या दिवशी नेव्हिलना जेवण गेलं नाही. भाजलेलं मटण तसंच पानात राहिलं. त्यांची बायको ग्लेनिस म्हणाली, “लहान आहे ती. सप्टेंबरात तीनची होईल, मग मागच्या सीटवर बसव की.”

“सप्टेंबरपर्यंत ती त्याची झालेली असेल,” नेव्हिल म्हणाले.

त्यातच डर्बीशरातल्या या इंग्लिश गावाचा विहिरींचा उत्सव तोंडावर आला. दर जुलैत गावातल्या विहिरी फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, उत्सवाची राणी निवडतात, तिच्या अंगावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी निळी फीत घालतात आणि जुन्या गाड्यांतून मिरवणूक काढतात. राणीच्या सख्यांनाही फिती असतात. टिली सखी व्हायला फार लहान पडली, हे समितीच्या बाईंनी तिला गुडघ्यावर बसून समजावलं होतं आणि टिलीने त्याच्या उत्तरादाखल त्यांचा चष्मा ओढला होता. फितीसाठी ती आठवडाभर रडली.

आणि कुंपणावरून रोलंड म्हणाले, “राणी माझ्या गाडीत मागे बसणार आहे. टिलीला पुढे माझ्या शेजारी बसवतो. पट्टे आहेत, त्यामुळे काळजीचं काही कारण नाही.”

हे ते अगदी भलेपणानं म्हणाले. भलेपणाचाच राग नेव्हिलना सगळ्यात जास्त आला.

“आभारी आहे, रोलंड, पण टिली माझ्याच गाडीत बसणार आहे. माझेही पट्टे येतायत,” ते म्हणाले आणि घरात येऊन खुर्चीवर बसले. पट्टे येत नव्हते. पट्टे कुठे मिळतात याचीसुद्धा त्यांना कल्पना नव्हती.

“रोलंडला विचार,” ग्लेनिस म्हणाली.

“त्यापेक्षा मी टिलीला पाठीवर घेऊन मिरवणुकीत चालेन.”

आता इथे एक प्रश्न विचारून काम भागलं असतं, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच. ते ग्लेनिसच्या आलं, गल्लीच्या आलं, बहुधा मांजराच्याही. पण ज्याचे पट्टे बघून पोटात दुखतं त्यालाच पट्ट्यांचं दुकान विचारायचं, म्हणजे आपल्या पोटात दुखतंय हे कबूल करणं. त्यापेक्षा नेव्हिलनी स्वतः शोध लावायचं ठरवलं. रोलंड चर्चच्या हॉलमध्ये पाकळ्या चिकटवायला गेलेले बघून ते कुंपणाला वळसा घालून गेले आणि लाल गाडीत जाऊन बसले. पट्ट्यावर कुठे बनवणाऱ्याचं नाव सापडतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नाव सापडेना. मग अंगावर कसा बसतो ते बघावं म्हणून त्यांनी पट्टा लावला. बकल कटकन बसलं आणि पुन्हा निघेना.

ते ओढत होते, दाबत होते, बकलाला काही शब्द सुनावत होते, तेवढ्यात रोलंड हायड्रेंजियाच्या पाकळ्यांची बादली घेऊन फाटकातून आत आले. आपल्या गाडीत आपला शेजारी जखडलेला बघून दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाने निदान एक प्रश्न विचारला असता.

“आज बरं ऊन पडलंय,” रोलंड म्हणाले.

“हो. पण दुपारनंतर येईल म्हणतात,” नेव्हिल पावसाबद्दल म्हणाले.

“आला तर आला. बागेला बरा.”

“बागेला बराच.”

रोलंडनी बादली खाली ठेवली. मंगळवारच्या वाऱ्याबद्दल बोलून झालं. गोगलगायी यंदा फार झाल्या, हेही झालं. नेव्हिल स्टिअरिंगवर हात ठेवून, जणू आपण कुठे तरी निघालोच आहोत, अशा चेहऱ्यानं समोर बघत होते. शेवटी रोलंड बादली उचलता उचलता म्हणाले, “ते वरून नाही दाबायचं. खालून उचलायचं.”

“माहीत आहे मला,” नेव्हिल म्हणाले, आणि सुटून, आभार मानून, रोलंडच्या कुंपणाची मनापासून स्तुती करून घरी आले. या विषयावर दोघांत पुन्हा कधीही बोलणं झालं नाही. पण त्या दिवसापासून रोलंडची बादली दिसली तरी नेव्हिलचे कान लाल होत.

पुढच्या शनिवारी ते जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला गेले आणि तिथे त्यांना खरेखुरे साठच्या दशकातले पट्टे मिळाले. विकणारा म्हणाला, हे तर एका डॉक्टरच्या गाडीतले. नेव्हिल हरखून गेले. रोलंडचे पट्टे जुन्यासारखे दिसणारे, आपले जुने. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीत एकट्यानं शीळ घातली. मग ते पट्टे त्यांनी बॅरी स्लॅकच्या गॅरेजात नेले. बॅरी म्हणजे गावातला एकमेव मेकॅनिक आणि जगातल्या कुठल्याही विषयावरचं अखेरचं मत.

बॅरीने पट्टा दोन्ही हातांत धरून जरा ताणला. पट्टा जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा तुटला.

“डॉक्टर वाचला का रे?” बॅरीने विचारलं.

मग बॅरी म्हणाला, पट्टे कुठलेही आण राजा, आधी ते अडकवायला जागा पाहिजे, तुझ्या गाडीत ती नाही, म्हणजे खालच्या पत्र्याला भोकं पाडून आतून जाड पट्टी जोडावी लागेल. नेव्हिलनी डोळे मिटले. पत्रा मूळचा होता. तो मूळचा आहे हे त्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं होतं. बॅरीने ड्रिल टेकवलं, चालू करायच्या आधीच ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं, आणि गालिच्याखालून गॅरेजची जमीन दिसू लागली. गाडीचा तळच बदलायला निघाला.

दरम्यान विमा कंपनीला कळवणं आलं. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती आणि तिला गाडीतला बदल तिच्या पडद्यावरच्या रकान्यांत बसवायचा होता. इंजिन वाढवलं का, चाकं रुंद केली का, रंग ज्वाळांचा दिला का, असं सगळं तिने विचारलं.

“मी सीटचे पट्टे बसवतोय,” नेव्हिल म्हणाले.

“बरं, आधीचे कुठल्या प्रकारचे होते?”

“नव्हते.”

“नव्हते, म्हणजे कुठल्या कापडाचे?”

शेवटी तिने तो बदल ‘करमणुकीची साधनं’ या रकान्यात टाकला, कारण तेवढाच एक रकाना मोकळा होता. गाडी सुरक्षित केल्याबद्दल आता त्यांना जास्त धोक्याचे ग्राहक धरलं जाईल, असंही तिने आनंदानं सांगितलं.

नवे पट्टे नेव्हिलनी लांबच्या एका दुकानातून मागवले. संकेतस्थळावरचं चित्र त्यांनी छापून घेतलं होतं. त्यात पट्टे थेट रोलंडच्यासारखे विटके, करडे दिसत होते. पण घरच्या छपाईयंत्रातली शाई संपत आली होती आणि त्यात सगळंच विटकं, करडं दिसत होतं. ग्लेनिसच्या बहिणीच्या लग्नाचा फोटोसुद्धा. खोकं उघडलं तेव्हा आतून पांढरेशुभ्र पट्टे निघाले. मापाने कापलेले, त्यामुळे परत घेणार नाहीत. उत्सव पुढच्या आठवड्यावर आलेला.

नेव्हिलनी पट्टा गाडीत धरून बघितला. सत्तावन्न सालच्या म्हाताऱ्या गाडीने नवे कोरे दात बसवल्यासारखं ते दिसत होतं.

“रोलंडला विचार,” ग्लेनिस म्हणाली.

समोरच्या मिसेस ट्रब्शॉ लेसचे रुमाल जुने दिसावेत म्हणून चहात बुडवत. त्यांनी तेच सुचवलं, आणि बातमी गल्लीभर झाली. या गल्लीत राजकारणावर मत नसलेली माणसं सापडतील, चहावर मत नसलेलं एकही सापडणार नाही. कोणी म्हणालं पाणी खळखळ उकळलेलंच पाहिजे, कोणी म्हणालं झाकून ठेवा नाहीतर कडवट होतो. पोस्टातल्या साहेबांनी दूध आधी घालणार की नंतर, असं अगदी गंभीरपणे विचारलं. ग्लेनिसचं मुरंब्याचं मोठं पातेलं शेगडीवर चढलं, त्यात घरातला सगळा चहा पडला, आणि दोन दिवस पट्टे त्यात लोळत होते. स्वयंपाकघराला चर्चच्या हॉलमध्ये चहापानाच्या दिवशी येतो तसा वास येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी ते बाहेर काढून वाळवले. काय रंग आला होता. रोलंडच्या पट्ट्यांपेक्षा खोल, उबदार, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. बॅरीने अंगठ्याने घासून बघितलं. “पक्का बसलाय,” तो म्हणाला. “चहा म्हणजे चहा. माझ्या कपांचा गेलाय का कधी?”

हे शास्त्र सगळ्यांना पटलं. पण कप चिनीमातीचे असतात आणि पट्टे कृत्रिम धाग्याचे. असल्या धाग्यात चहा मुरत नाही, नुसता वर बसून राहतो आणि पाण्याची वाट बघतो. हे त्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

उत्सवाच्या सकाळी नेव्हिलनी क्रीम रंगाचं लिननचं जाकीट चढवलं. टिलीला तिच्या आईने पांढराशुभ्र फ्रॉक घातला आणि जाता जाता वडिलांना म्हणाली, “डॅड, नवा आहे हा, खराब नका होऊ देऊ.” टिलीने दारात उभं राहून आधी लाल गाडीकडे बघितलं. नेव्हिलनी तिला तिथूनच उचललं. मग तिला छोट्या खुर्चीत बसवून पट्टा लावला, बकल कटकन बसलं, आणि ती म्हणाली, “दुसरीला पण आलं.” एवढ्याशा कौतुकानं नेव्हिलचे डोळे भरून आले. कुंपणापलीकडे रोलंड राणीला मागच्या सीटवर बसवत होते आणि त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. नेव्हिलनी मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला.

मिरवणूक चर्चपासून निघाली. लाल गाडी पुढे, हिरवी तिच्यामागे. पहिल्या विहिरीपाशी पोचेपर्यंत बारीक पावसाचे थेंब सुरू झाले.

आता उघड्या गाडीचा टप वर ओढायला क्षणभर पुरतो. पण पाऊस पडतोय हे आधी कबूल कोणी करायचं? रोलंडनी आरशातून मागे बघितलं. नेव्हिलचा टप मिटलेलाच होता. नेव्हिलनी पुढे बघितलं. रोलंडचा टप मिटलेलाच होता. दोघंही कडक उन्हात चालल्यासारखे हसत लोकांना हात हलवत राहिले. राणीच्या डोक्यावरचा मुकुट वाकला. बॅन्डवाल्यांच्या तुताऱ्यांतून पाणी गळू लागलं. दुसऱ्या विहिरीपाशी पाऊस चांगला जोरात आला, आणि ग्लेनिस फुटपाथवरून छत्री हलवत ओरडली, “नेव्हिल, टप.” त्यांनी तिलाही हात हलवून अभिवादन केलं.

गावाच्या मैदानावर गाड्या थांबल्या, पाऊसही थांबला. नेव्हिलनी उतरून टिलीचं बकल सोडलं, तिला उचलून खाली ठेवलं, आणि मैदानावरची माणसं तिच्याकडे बघू लागली. टिलीच्या पांढऱ्या फ्रॉकवर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत झगझगीत तपकिरी रेघ उमटली होती. सगळ्यांची नजर तिच्यावरून नेव्हिलवर गेली. त्यांच्या क्रीम जाकिटावर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तशीच रेघ. आजोबा आणि नात एकमेकांची आरशातली रूपं दिसत होती आणि दोघांनाही कडक चहाचा वास येत होता.

आधी बॅरी हसला. मग बॅन्ड. मग पाद्रीबाई तोंडावर रुमाल धरून विहिरीकडे वळल्या. रोलंड हसले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या भिजलेल्या, पण एकही डाग नसलेल्या सभ्य शर्टाकडे बघितलं, आणि ते नेव्हिलना हसण्यापेक्षा जास्त लागलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. एवढी धडपड केली, आणि शेवटी पोरीचा नवा फ्रॉक घालवला, तोही त्याच्यासमोर.

टिलीने मान वाकवून स्वतःकडे बघितलं. मग समोर उभ्या असलेल्या राणीकडे बघितलं, तिच्या तिरक्या निळ्या फितीकडे. मग पुन्हा स्वतःकडे.

“फीत,” ती म्हणाली. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, “ग्रँडॅडच्या गाडीने मला फीत दिली.”

त्यानंतर तिला आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. ती पोट पुढे काढून राणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळ्या फोटोंत आली. सख्यांच्या धाकट्या बहिणी हिरव्या गाडीभोवती गोळा झाल्या, आम्हालाही बसवा म्हणून. त्यांच्या आयांनी त्यांना ओढून नेलं. संध्याकाळी टिलीने फ्रॉक काढू दिला नाही, त्यातच झोपली. झोपण्याआधी आईला म्हणाली, “रोलीची गाडी फीत देत नाही.” हे वाक्य नेव्हिलनी लेकीकडून फोनवर तीनदा म्हणवून घेतलं. फ्रॉकबद्दल लेक जे बोलली ते त्यांना नीट ऐकू आलं नाही.

पुढचा आठवडा नेव्हिलच्या आयुष्यातला सुखाचा आठवडा होता. जाकीट त्यांनी धुतलं नाही. रेघेसकट घालून ते पोस्टात गेले.

शुक्रवारी कुंपणापलीकडून खोकल्याचा आवाज आला. रोलंड उभे होते, हातात काहीच नव्हतं, बादलीसुद्धा.

“हवा बरी आहे,” रोलंड म्हणाले.

“बरी आहे.”

“तुमचे पट्टे छान दिसतात हो, नेव्हिल. खरंच. मला विचारलं असतंत तर दुकान सांगितलं असतं. माझे विटक्या रंगातच तयार मिळाले.” त्यांनी आपल्या लाल गाडीकडे बघितलं. बायको गेल्यापासून रोलंडच्या शेजारच्या सीटवर टिलीखेरीज कोणी बसलं नव्हतं. ही गोष्ट नेव्हिलना ठाऊक होती आणि आत्तापर्यंत एकदाही आठवली नव्हती. “ती रविवारी आली होती ना, तेव्हा गाडीत बसायला नको म्हणाली. माझे पट्टे फार स्वच्छ आहेत, असं तिचं म्हणणं आहे. तर म्हटलं विचारावं. चहा कुठला वापरलात?”

नेव्हिलचं मन भरून आलं. या माणसाला आपला हेवा वाटतोय. आपला. कुंपण ओलांडून त्याला मिठी मारावी आणि सगळं सांगावं, कडक काळा चहा, मुरंब्याचं पातेलं, दोन दिवस, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

“ग्रीन टी,” ते म्हणाले.

“ग्रीन टी,” रोलंडनी मनात टिपून घेतलं. “फार आभारी आहे.”

रविवारी टिली आली ती घरात न शिरता थेट कुंपणाशी गेली. नेव्हिल हिरव्या गाडीचं दार उघडून, छोटी खुर्ची ठेवून, पट्ट्यांवर शिंपडायला पाण्याचा झारासुद्धा भरून तयार होते. पलीकडे रोलंडच्या कपड्यांच्या दोरीवर, शर्टांच्या मधे, पट्टे वाळत होते. रोलंड मुळात प्रत्येक काम मनापासून करणारा माणूस; ग्रीन टीला रंग चढत नाही म्हटल्यावर त्यांनी त्यात बागेतला पालक उकळला होता. पट्टे हिरवेगार दिसत होते.

टिलीने कुंपणाच्या फटीत नाक खुपसलं.

“रोली, हिरवी फीत वाळली का?”

“अजून थोडी ओली आहे, राणीसाहेब,” रोलंड म्हणाले. “ऊन राहिलं तर दुपारपर्यंत वाळेल.”

नेव्हिलनी झारा खाली ठेवला आणि वर बघितलं. साऱ्या डर्बीशरवर एकही ढग नव्हता.